पाळकसाहेबांच्या दगडावरचं वचन

रूथबाई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने केला, तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होते. आता दोन महिने होत आले. अजूनही काही अडलं की वाटतं, बाईंना विचारू...

नव्वदच्या दशकात मी सटाण्याहून नाशिकला कॉलेजसाठी आले आणि शरणपूर भागात त्यांच्या मागच्या खोलीत राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई मला इंग्रजी शिकवायच्या. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून मी संध्याकाळी त्यांना बायबल वाचून दाखवायचे. जुना करार आणि नवा करार असे दोन भाग पाहून मी विचारलं होतं, नवा आल्यावर जुना कशाला? बाई हसल्या. "अगं, नव्यातली माणसं जुन्यावरच वाढलेली. त्यांच्या तोंडी दुसरं काय येणार?" मग तो आमचा खेळच झाला. नव्यातलं वाचताना त्या मध्येच थांबवायच्या, हे आधी कुठे आलंय ते शोध म्हणायच्या. सापडलं की मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटे.

एक जागा मात्र त्या वाचू देत नसत. वधस्तंभावरचा येशू देवाला विचारतो, मला का सोडलंस, ती. त्यांचे यजमान चर्चचे पाळक होते. आयुष्यभर प्रवचनं केली आणि शेवटच्या आजारात हेच एक वाक्य म्हणून ते गेले. मंडळीत कुजबुज झाली, पाळकसाहेबांचा विश्वास ढळला. कबरीच्या दगडावर नावाखाली बायबलमधलं वचन कोरतात. बाईंनी ती जागा कित्येक वर्षं कोरीच ठेवली होती. ते वाक्य म्हणजे जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ, हे त्यांना ठाऊक होतंच. "पण ते गात होते की रडत होते, कोण सांगणार?" म्हणायच्या.

एकदा माझे वडील, आप्पा, गावाहून मेथी, वांगी घेऊन आले. गावच्या भजनात ते पखवाज वाजवत. ओट्यावर चहा पिताना बाईंनी त्यांना हे का सांगितलं, कोण जाणे. आप्पांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, आमच्या बुवांना म्हातारपणी दम पुरत नसे, पहिली ओळ म्हणून ते टाळ खाली ठेवायचे. "पहिली ओळ बुवानी, बाकीनं आमनं. त्यासले माहीत व्हतं, मांगे आम्ही शेतस." मागे म्हणायला माणसं आहेत, हे बुवांना ठाऊक असायचं. आणि अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, मग पाळकसाहेबांच्या मागे पुढचं कोणी म्हटलं?

आप्पा गावी परतल्यावर बाईंनी ते स्तोत्र माझ्याकडून शेवटपर्यंत वाचून घेतलं. तहान, टिंगल, हाडं मोजता यावीत असे हाल... आणि मग वळण घेऊन ते भर मंडळीत देवाची स्तुती करू लागतं, अजून जन्मालाही न आलेल्यांसाठी. "कुणीच म्हटलं नाही गं," बाई म्हणाल्या. "मी पण नाही."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी दगडावर कोरून घेतलं: स्तोत्र २२. ओळ नाही, फक्त आकडा. भाचीने कुरकुर केली, यातून कोणाला काय कळणार? बाई म्हणाल्या, "ज्याला कळून घ्यायचंय तो उघडेल."

बाईंना पाळकसाहेबांच्या शेजारीच मूठमाती दिली. लोक पांगले, तरी भाचीची मुलगी त्या आकड्यापाशी रेंगाळली. तिने पिशवीतून बायबल काढलं, पानं मागे मागे उलटत गेली, पहिली ओळ वाचली आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

"थांबू नकोस," मी म्हटलं. "मोठ्याने वाच."