सखीरच्या रेंजवरची फुंकर

आमच्या घरात बंदूक होती, ही गोष्ट मी बहारीनमध्ये इतक्या जणांना सांगितली होती, की आमच्या गावातसुद्धा तेवढ्यांना ती ठाऊक नसेल. माणूस परदेशात गेला की त्याचं गावचं घर आपोआप वाढतं. आमच्या पडवीची ओसरी झाली, परसातल्या दोन कलमांची बाग झाली, आणि वडिलांची ठासणीची बंदूक, जिचा दस्ता तारेने आवळून बांधलेला होता, ती घराण्यातली बंदूक झाली. ऐकणाऱ्याला वाटावं, आम्ही वाघबीघ मारत होतो. प्रत्यक्षात वडील रानडुकरांना भिववत असत, तेही भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत. डुक्कर पडलेलं मी एकदाच पाहिलं. ते छर्ऱ्यांनी पडलं की बांधावरून घसरून, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो आणि माहूजला एका खोलीत साताऱ्याकडच्या ड्रायव्हरबरोबर राहत होतो. बायको आणि मुलगी गावी, वडिलांजवळ. मुलगी रांगत असताना मी निघालो होतो. मधे एकदा सुटीवर जाऊन आलो, तेव्हा ती आजोबांच्या पंच्यामागे उभी राहून माझ्याकडे पाहत होती, पाहुणा कधी जाणार असं पाहावं तशी. त्या दोघींना इकडे आणायचं, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. फॅमिली व्हिसासाठी कंपनीची शिफारस लागे, आणि शिफारस आमच्या साहेबाच्या हातात. साहेब इंग्रज. माणूस सरळ, पण चेहरा असा की त्याच्याकडे सुटीसुद्धा मागायची तर मी आदल्या दिवसापासून वाक्य पाठ करायचो. व्हिसाचं वाक्य पाठ होऊन जुनं झालं होतं. 'आज साहेब खुशीत नाही,' असं म्हणत मी ते रोज घरी परत घेऊन यायचो.

गावाहून कॅसेट येत. कोणी सुटीवरून परतणारा घेऊन यायचा. बायको पडवीत टेपरेकॉर्डर ठेवून बोलायची, मागे कोंबड्या, वडिलांचं खाकरणं. ती म्हणायची, "अहो, तब्येत बरी आहे ना?" आणि उत्तरासाठी थांबायची. त्या मोकळ्या जागेत मी माहूजमध्ये बसून म्हणायचो, "बरी आहे."

"पाव्हणं," ड्रायव्हर कांदा चिरता चिरता म्हणायचा, "ती टेप हाय, टेलिफोन न्हाय."

तर अशात साहेबाची नवी बंदूक आली. सखीरच्या बाजूला तेव्हा नुसता उघडा माळ होता. तिथे गोऱ्या लोकांनी परवानगी काढून एक रेंज केली होती, दर शुक्रवारी ते तिथे मातीच्या बशा उडवायचे. उडवायचे म्हणजे यंत्राने बशी आकाशात फेकायची आणि ती खाली पडायच्या आत बंदुकीने फोडायची. पैसे देऊन बशा फोडतात हे मी गावी सांगितलं असतं, तर वडिलांनी मला घेऊन देवळात गाऱ्हाणं घातलं असतं. नवी बंदूक पंप-ॲक्शन होती. साहेब आठवडाभर त्याच आनंदात. स्टोअरमध्ये येऊन त्याने बंदुकीसाठी तेल मागितलं, तेव्हा मी सवयीने बोलून गेलो, "सर, आमच्या घरातही बंदूक आहे."

साहेब थांबला. "तू चालवतोस?"

इथे खरा माणूस म्हणाला असता, वडील चालवतात, मी डुकरं हाकायला खाली डबा वाजवतो. मी म्हणालो, "येस सर."

"मग शुक्रवारी ये."

संध्याकाळी ड्रायव्हरला सांगितलं. त्यालाच साहेबाची गाडी न्यायची होती. तो खुश झाला. "ह्योच मुहूर्त! दोन बशा फोडायच्या, साहेबानं शाबास म्हटलं की लगेच वैनींचं काढायचं. उशीर लावायचा न्हाय."

"आणि बशी नाही फुटली तर?"

"मग आपली ताटली फुटली म्हना," तो म्हणाला.

शुक्रवारी उन्हं चढायच्या आत आम्ही सखीरला पोचलो. थंडीचे दिवस होते, वारा होता, आणि नजर अडायला काही नव्हतं. मी इस्त्रीची पॅन्ट घातली होती. तोंडात ते वाक्य होतं, व्हिसाचं.

साहेबाने बंदूक माझ्या हातात दिली. मला आधी नवल वाटलं ते तिच्या कोरडेपणाचं. वडिलांची बंदूक कायम किंचित चिकट असायची, खोबरेल तेल आणि धूर यांनी. तिचं वजन पुढे, नळीत. ही मात्र मधोमध तोललेली, गुळगुळीत. नळीखालचं लाकूड मागे ओढून पुढे ढकललं, म्हणजे पंप केला, की खच्याक्-खच्याक् असा आवाज करून ती आपणच पुढचं काडतूस आत घ्यायची. दारू मोजायची नाही, गजाने ठासायचं नाही, नारळाच्या सोडणाचा काथ्या कुटून बोळा करायचा नाही. आमच्याकडे एक बार भरेपर्यंत डुक्कर पाहुणचार उरकून शेजारच्या शेतात जायचं.

साहेबाने सगळं नीट समजावलं. दस्ता खांद्याला घट्ट, गाल लाकडाला, बशीच्या थोडं पुढे नेम, आणि प्रत्येक बारानंतर पंप. "पंप विसरू नकोस," त्याने दोनदा सांगितलं. बशी हवी असली की 'पुल' म्हणून ओरडायचं. यंत्रापाशी एक बलुची म्हातारा बसला होता. वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून रोजच्या सवयीचं अरबी 'चला' निघालं, "यल्ला!" म्हाताऱ्याला ते जास्त पटलं असावं, त्याने लगेच बशी सोडली.

बार झाला. खांद्यावर कोणी ओळखीच्या माणसाने जोरात थाप मारावी तसं झालं. आणि मी थांबलो. धूर निवळायची वाट पाहत. आमच्याकडे बार झाला की पुढचं काही दिसतच नसे. पांढरा लोट, त्यात गंधकाचा वास, आणि तो वर चढेपर्यंत वडील श्वास रोखून उभे. लागलं की नाही ते मग कळायचं. इथे धूरच नव्हता. समोर स्वच्छ आकाश आणि त्यात साबूत बशी, सावकाश खाली उतरणारी.

"पंप!" साहेब ओरडला.

मी पंप केला. लाल टरफल उजवीकडे उडालं. मागे ड्रायव्हर कोणालातरी हिंदीत सांगत होता, "पहिला देवाला असतो."

दुसरीही देवाला गेली. तिसऱ्या बशीच्या वेळी वारा पडला होता. खरं सांगायचं तर मी नेम धरलाच नाही. त्या पातळ, कोरड्या वासातही कुठेतरी तळाशी आमच्या शेताचा वास होता, आणि मला एकदम माळा दिसला, चार वाशांवर बांधलेला, त्यावर घोंगडीत वडील, खाली डबा आणि काठी घेऊन मी. "यल्ला" म्हणालो आणि चाप ओढला. बशीचं पीठ झालं.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, "गुड मॅन!" हाच मुहूर्त. वाक्य ओठांवर आलं. आणि माझ्या हातांनी मला न विचारता काम सुरू केलं. आधी पंप केला, कारण साहेबाने दोनदा बजावलं होतं. टरफल उडालं, नवं काडतूस आत बसलं. मग दस्ता जमिनीवर टेकवला, नळी उभी केली, आणि वाकून नळीच्या तोंडाला ओठ लावून एक दमदार फुंकर मारली.

ठासणीची बंदूक ज्यांच्या घरात होती त्यांना हे समजेल. बार झाल्यावर नळीत एखादी ठिणगी राहते. तशीच नवी दारू ओतली तर ती तोंडावर पेटते. म्हणून नळीत फुंकायचं. खालच्या कानातून, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकातून, धूर बाहेर पडला की नळी मोकळी. वडील म्हणायचे, "आदी फुंक, मग भर. उलटं केलंस तर जेवायला हात राहायचा नाय." शहाणपणाचं होतं ते. फक्त त्या बंदुकीत फुंकताना आत काही नसायचं. इथे भरलेलं काडतूस माझ्या तोंडाखाली होतं, आणि मी खाली वाकून धूर कुठून निघतो ते शोधत होतो.

साहेब एवढा जड माणूस इतका चपळ असेल असं वाटलं नव्हतं. त्याने एका हाताने नळी बाजूला वळवली, दुसऱ्याने मला छातीवर धक्का देऊन पाडलं. मग बंदूक आभाळाकडे धरून एकेक काडतूस बाहेर काढलं. ती माझ्या इस्त्रीच्या पॅन्टजवळ मातीत पडत होती. तो जे ओरडला ते सगळं मला कळलं नाही आणि जे कळलं ते कुटुंबात सांगण्यासारखं नाही. टाळ्या वाजवणारे लोक दुसरीकडे पाहू लागले.

मी जाऊन गाडीच्या सावलीत बसलो. ड्रायव्हरने थर्मासातला चहा ओतून दिला. मग थर्मासचं झाकण फिरवून घट्ट लावलं. शेवटी म्हणाला, "आज नगा इचारू."

"आज? आता कधीच नाही."

"खलास," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "खलास," पण हळू.

मी समोर पाहत होतो. बायको पडवीत बसून विचारते आहे, अहो, तब्येत बरी आहे ना, आणि थांबली आहे, असं वाटत होतं. आपण तिला आणखी कितीतरी वर्षं नुसतं थांबवून ठेवलं, तेही एका फुंकरीने.

साहेब चालत आला. सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत होता आणि काडी विझत होती. शेवटी ती न पेटवताच खिशात टाकली. माझ्याजवळ येऊन, कसं कोण जाणे, तो मातीतच बसला.

"लग्न झालंय?"

"येस सर."

"मुलं?"

"एक मुलगी. गावी असते."

"मी त्यांना काय तार केली असती?" तो म्हणाला. "सांग ना. काय लिहिलं असतं मी तारेत?"

पाठ केलेलं वाक्य केव्हाच उडून गेलं होतं. मी म्हणालो, "सर, त्यांना इथे आणलंत तर तार करावी लागणार नाही. नुसतं येऊन सांगता येईल."

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. साहेब हसला नाही.

"तुला त्यांना इथे आणायचं आहे?"

"येस सर."

"मग बोलला का नाहीस? मला वाटायचं, तुला एकटं राहायला आवडतं."

एकटं राहायला आवडतं! मी चहाच्या कपात पाहिलं. माझा चेहराही काही सोपा नसावा, हे तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"उद्या ऑफिसात ये," साहेब उठत म्हणाला. "आणि पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही. माझ्या नाही, कोणाच्याच नाही."

दोन्ही गोष्टी मी पाळल्या.

व्हिसा हाती येईपर्यंत उन्हाळा आला आणि गेला. दिवाळी झाल्यावर त्या दोघी आल्या. ड्रायव्हरने दुसरीकडे बिऱ्हाड केलं होतं, जाताना खोली धुऊन, खिडकीला पडदा लावून गेला. बायकोने आल्या आल्या पदर खोचला, स्वयंपाकाच्या ओट्याचा ताबा घेतला आणि पिशव्यांतून गाव बाहेर काढायला सुरुवात केली. कोकमं, कुळथाचं पीठ, घरचे उकडे तांदूळ. तांदूळ अगदी थोडे होते.

"एवढेच?" मी चेष्टेने म्हटलं. "तुझ्या मामंजींनी हात आखडता घेतला वाटतं."

"खालचा भाताचा कुणगा ओस ठेवलाय त्यांनी यंदा," ती म्हणाली. "राखण कोण करणार? आम्ही दोघी डबा वाजवायचो. पेरणीच्या वेळेलाच म्हणाले, तुमचा कागद आला तर तुम्ही जाल, मग मी एकटा काय करू."

हे कोणत्याच कॅसेटमध्ये नव्हतं. मी इतकी वर्षं रोज मनात तेवढ्या दोघींनाच उचलून इकडे आणत होतो. त्या जिथून उचलल्या जातील तिथे खड्डा पडेल, असं कधी डोक्यात आलंच नाही. आता माझी माणसं माझ्यासमोर बसली होती, आणि मला गावच्या त्या ओस कुणग्यापाशी जाऊन उभं राहावंसं वाटत होतं.

मुलगी खिडकीशी होती. सकाळपासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पडदा बाजूला करून तिने खालची गल्ली, समोरच्या इमारती, गाड्या सगळं नीट तपासलं आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"हितं डुकरं येतात?"

"नाही येत."

"एक पण नाय?"

"एक पण नाही."

तिने थोडा विचार केला. "मग आजोबांना पण हितंच आणा ना."

मी म्हणालो, "इंशाल्ला."

देवाची इच्छा असेल तर, असं इकडे हो आणि नाही दोन्हींसाठी म्हणतात. तिला तो शब्द नवा होता. तो तिने तोंडात घोळवून पाहिला, मग बायकोकडे जाऊन विचारलं, "आई, म्हणजे हो का?"

बायको तांदूळ डब्यात ओतत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी, कॅसेटमधल्यासारखी, माझ्या उत्तरासाठी थांबली नाही; पुन्हा तांदूळ ओतू लागली.