दोन सह्यांचा अर्ज

छोट्या कारखानदारांना "पेटंट का घेतलंत?" असं विचारत फिरणं हे माझं काम. संशोधन आमच्या मॅडमचं, पायपीट माझी. कागदावर सात कारणं छापलेली: नक्कल होऊ नये, भांडवल मिळावं, नाव व्हावं वगैरे. सातवं 'इतर'. खूण केली की पुढचं दार.

कडीवाल्यांनी मात्र माझी अख्खी सकाळ खाल्ली. पिंपाचं झाकण घट्ट बसवणारी कडी बनवणारा हा साठीचा माणूस. लेथजवळचं एकुलतं स्टूल मला देऊन स्वतः उभे राहिले.

"नक्कल होईल म्हणून घेतलंत?"

"नक्कल करतातच की. करू देत."

"भांडवलासाठी?"

"मला कोण देतंय?"

माझं डोकं फिरायला लागलं. "अहो काका, मग एवढा खटाटोप कशाला?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "कडी आम्ही दोघांनी काढली, मी आणि धाकट्या भावाने. नवीन मशीन घेण्यावरून वाजलं, तो वेगळा झाला. चार वर्षं बोलणं नाही. अर्जावर दोघांची सही लागते असं कळलं, म्हणून केला अर्ज."

"मग आले?"

"आला. उभ्या उभ्या सही करून गेला."

म्हणून त्यांनी दुसरा अर्ज केला. त्याच कडीला एक खाच पाडली होती. तिचा काडीचा उपयोग नाही, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हाही तसंच झालं. आता तिसऱ्या अर्जाचं चित्र टेबलावर होतं. आमच्या आकडेवारीत हा माणूस मोठा संशोधक ठरणार होता. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. 'इतर'वर खूण करून मी निघाले.

पुढच्या आठवड्यात यादीत धाकटे आले. दोन गल्ल्या सोडून त्यांचं वर्कशॉप. कागद न वाचताच त्यांनी 'इतर'वर बोट ठेवलं.

"दादा बोलावतो म्हणून जातो. त्या खाचेत दम नाही, हे मला दिसत नाही का? पण सही झाली की पेन परत घेतो. बस म्हणत नाही."

एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. नऊ वर्षांत मी तो मोडला नव्हता. दोन दिवस नुसती चरफडले आणि कडीवाल्यांना फोन लावला.

"काका, स्टूल एकच आहे ना तुमच्याकडे? दुसरं आणा. मग भावाला बोलवा."

पलीकडे लेथ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"बसेल तो?"

"बसतील," मी म्हटलं. नियम गेला खड्ड्यात.

वर्षभराने मॅडमनी नवी यादी काढली. कडीवाल्यांचा तिसरा अर्ज त्यात नव्हता. का नाही, ते विचारायला मलाच पाठवलं. लेथजवळ दोन स्टुलं होती, आणि दोघे भाऊ त्यांच्यावर बसून त्याच नवीन मशीनवरून तावातावाने भांडत होते.