पत्रकाची कोरी पाठ

स्वतःची चूक सापडली म्हणून पेढे वाटणारा माणूस महाड-पोलादपुरात एकच झाला: बाबांचे वर्गमित्र, आमचे सरकाका. पोलादपूरच्या शाळेतून निघून ते मुंबईत जैवभौतिकीचे प्राध्यापक झाले. पेशीच्या पापुद्र्यातून पाणी आतबाहेर कसं जातं, याच्यामागे त्यांनी उभी नोकरी घालवली. विभागप्रमुखपद दारात आलं आणि त्यांना कळलं, की प्रयोगशाळेतला थर्मामीटर दीड अंशाने खोटं बोलतो. ज्या निबंधाने नाव झालं, तो त्यांनी आपणहून पत्र लिहून मागे घेतला. पद गेलं, काकांनी पेढे वाटले. निवृत्त होऊन गावी आले तरी खिशात थर्मामीटर असायचाच. पाचाडच्या खानावळीत त्यांनी तो पिठल्यात बुडवला, तेव्हा मालकीण म्हणाली, "सर, पिठल्याला ताप हाय काय?"

"नाय गो, थर्मामीटरचं डोकं ठिकाणावर हाय का बघतोय."

बाबा चळवळीतले; आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली, त्यामुळे मला राग आला की मी छापखाना गाठायची. वरच्या वाडीला नळाचं पाणी मिळेना, तेव्हा मी पंपवाल्याचं नाव घालून पत्रक काढलं: हा पाणी अडवतो, याला कामावरून काढा. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमतात, तिथे ते वाटायचं होतं. आदल्या दिवशी तोऱ्यात सरकाकांना दाखवलं. त्यांनी शुद्धलेखनाची तारीफ केली आणि विचारलं, "मोजलंस?"

"अन्यायाला काय मोजायचं, काका?"

"अन्याय खरा आहे. तो करणारा कोण, ते मोज."

गवंड्याची पाणी भरलेली नळी खांद्यावर टाकून ते चढाला लागले. वाडीतल्या बाया खिदळल्या, "सर साप पकडून आणतायत गो!" टप्प्याटप्प्याने पातळी लावत दुपारी उलगडा झाला. पंप फक्त खालची टाकी भरायचा; तिथून पुढे पाणी नुसत्या उताराने यायचं, आणि वाडीची टाकी तर तिच्याहून हातभर उंच बांधलेली. पंपवाल्याच्या बापालाही ते पाणी चढवता आलं नसतं.

"काका, पाचशे छापलीत."

"मागे घे. आधी पोटात दुखतं, मग सडकून भूक लागते."

नवं पत्रक मापांसकट निघालं. वर्षभराने वाडीची टाकी खालच्या पातळीवर नव्याने बांधली गेली, पाणी आलं. पंपवाला अजून कामावर आहे. मला ताई म्हणतो. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. जुना गठ्ठा काकांनी नेला: "पाठ कोरी आहे, वाया कशाला?" मी आता पुण्यात असते. त्यांची पत्रं त्याच कागदांवर येतात. एका बाजूला माझा संताप, दुसऱ्या बाजूला त्यांचं वेडंवाकडं अक्षर. परवाच्या पत्रात शेवटी होतं, "कागद संपत आले. पुन्हा कधी चुकणार आहेस?"