आमच्यातलं माणूस

कादंबरी परत करताना काकू ती टेबलावर ठेवायच्या, तिच्यावरून हात फिरवायच्या आणि सांगायच्या, "घरचे सगळे खुशाल आहेत हो." घरचे म्हणजे कादंबरीतले.

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दोन कपाटांची लायब्ररी आहे. ती मी रविवारी उघडते. काकू आमच्याच विंगमध्ये एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नाही, भाऊ-बहीण नाहीत, नोकरीतून रिटायर झालेल्या. त्यांना भरल्या घराच्याच कादंबऱ्या लागायच्या. गोतावळा जेवढा मोठा तेवढ्या त्या खूश.

एका गणपतीत सोसायटीच्या आरतीला त्या मांडवाबाहेरच उभ्या राहिल्या.

"काकू, आत या ना," सेक्रेटरी म्हणाले.

"नको, सुतक आहे. आमच्यातलं माणूस गेलं. मधली सून, बाळंतपणात."

सगळे हळहळले. सेक्रेटरींच्या बायकोने रीतीप्रमाणे पिठलं-भात पोचवला आणि काकूंनी तो डोळे पुसत खाल्ला.

रविवारी कादंबरी परत आली तेव्हा मला उलगडा झाला. मधली सून माझ्याही ओळखीची होती!

"काकू, अहो, ती पुस्तकातली. शाईचं कसलं सुतक?"

"मग मी रडले ते शाईसाठी?" त्या माझ्यावरच डाफरल्या. "जे गेल्यावर आपला सण थांबतो, ते आपलं माणूस. बाकी सगळे शेजारी."

मला हसू आवरेना. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी गेले तर कोणाचा सण थांबणार गं? तेवढीच एक धास्ती आहे."

"मी धरीन ना तुमचं सुतक."

"तू शेजारीण. डोक्यावरून अंघोळ केलीस की मोकळी."

झालंही तसंच. गेल्या दिवाळीच्या तोंडावर काकू झोपेतच गेल्या. उशाशी तीच कादंबरी होती, पुन्हा वाचायला नेलेली. सगळं सोसायटीनेच केलं. मी घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. दोन दिवसांनी कंदीलही लावला. त्यांची बाल्कनी सोडून सगळीकडे कंदील होते. मला फार वाईट वाटलं, पण करंज्या केल्या.

परवा ती कादंबरी बी विंगमध्ये नव्याने आलेल्या मुलीने परत आणली.

"काकी, बुक मस्त आहे, पण दिवाळीचा चॅप्टर काय सॅड आहे हो!"

"सॅड? अगं, कंदिलावरून पोरांची मारामारी, करंज्यांवरून जावांची भांडणं... मी दोनदा वाचलंय."

"कुठे? बघा ना."

मी ते प्रकरण उघडलं. पान तेच, जुनं, पिवळं. कोपऱ्यातलं कसरीने पाडलेलं भोकही तेच.

कढई चढलीच नव्हती. कंदील माळ्यावर होता. घरातली थोरली बाई दारात आलेल्या शेजारणीला सांगत होती, "यंदा सण नाही हो. आमच्यातलं माणूस गेलं."