टेकडीवर तहकूब झालेलं लग्न

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. आदल्या संध्याकाळी येतो म्हणून सांगून स्वारी आलीच नव्हती. दोघांसाठी केलेला चहा मी एकट्याने प्यायलो आणि उद्या ह्याला चांगला झाडायचा, असं ठरवून झोपलो. सकाळी फोन त्याच्याच घरून आला. मुलगा ‘काका...’ एवढंच म्हणाला आणि मला कळलं. झाडायचं राहूनच गेलं. आता काही आठवडे झाले. लोक वसंताविषयी फार चांगलं बोलतात, शांत होता, समंजस होता, आणि मला वाटतं, अहो, हे कोणाविषयी चाललंय? मला माहीत असलेला वसंता गिरगावातल्या आमच्या चाळीतला, समोरच्या खोलीतला, जिना उतरताना पायऱ्या गाळणारा, आणि बायको मिळावी म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरलेला बहुधा एकमेव मराठी माणूस.

थट्टा नाही करत. छप्पन सालचा उन्हाळा. वसंताला सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातलं स्थळ सांगून आलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून भांडायला येतील. वसंताच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून ‘आधी तुम्ही दोघं बघून या, मग आम्ही मोठी माणसं जाऊ’ असं ठरलं आणि मी शेपटासारखा त्याच्याबरोबर गेलो. मुलीचे वडील तालुक्याच्या कोर्टात वकील, सारा गाव त्यांना तात्या म्हणायचा. आमचा हिशोब सरळ होता. पोहे खायचे, मुलगी बघायची, संध्याकाळची एस.टी. धरायची. तात्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि म्हणाले, “मुलगी कुठे पळून जात नाही. आधी गाव बघा, टेकडी बघा.” निघताना मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. हीच कुसुम. मान खाली घालून, पण स्वच्छ आवाजात ती वसंताला म्हणाली, “चढताना बोलू नका, धाप लागते. बोलायचं काम तात्या करतील.” झालं! आमचा गडी तिथेच गारद.

गाव म्हणजे एक पेठ, एक तालीम, पायऱ्यांची विहीर, वाचनालय आणि मागे भैरोबाची टेकडी. वसंता ऑफिसला निघाल्यासारखा सुटला तो पेठेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा. “संपलं गाव?” त्याने तिथून ओरडून विचारलं. तात्या अजून पहिल्या दुकानापाशीच होते. “तुमचं संपलं असेल,” ते म्हणाले, “आमचं अजून निघायचंय.” मग त्याला परत यावं लागलं. तात्या दर दुकानापाशी थांबत, आत कोण आजारी आहे, कोणाची म्हैस व्याली, कोणाची केस उभी राहिली ते सविस्तर विचारत आणि शेवटी आमच्याकडे काठी करून सांगत, “हे मुंबईचे.” की लगेच दुकानदार वसंताला विचारी, “मग, मुंबईचं काय करताय?” जणू मुंबई ह्याच्या खिशात होती आणि तो मुद्दाम बाहेर काढत नव्हता! ह्या गृहस्थाला क्रिकेटच्या पानाखेरीज पेपरात दुसरी पानं असतात हे ठाऊक नव्हतं. तेलवाल्यापाशी तो गडबडला, तालमीपाशी घामाघूम झाला आणि विहिरीपाशी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “अरे, मुंबईचं काय चाललंय रे नक्की?” तेव्हा मुंबई महाराष्ट्रातून तोडून दिल्लीच्या हाताखाली ठेवायचं घाटत होतं, सगळी मुंबई पेटलेली होती, आणि हा मला विहिरीच्या काठावर विचारतोय!

टेकडीवर तात्या देवळाच्या पायरीवर टेकले. खाली कौलं, पलीकडे ओढा, त्यापलीकडे उन्हात वाळलेली रानं. वसंताला वाटलं, आता पगाराचं विचारतील. तात्यांनी काठीने ओढा दाखवला. “त्याच्या पलीकडे दुसरा तालुका. थोरलीला तिकडे दिली, तर हिची आई वर्षभर डोळ्यांना पदर लावून होती. आणि तुमची मुंबई तर दुसऱ्याच राज्यात निघाली. परराज्यात आम्ही मुलगी देत नाही.” वसंता म्हणाला, “अहो, पण मी गिरगावातच राहणार ना!” तात्या म्हणाले, “तुम्ही राहाल हो. गिरगाव कुठे राहतंय ते बघू. मुंबईचा निकाल लागू दे, तोवर हे प्रकरण तहकूब.” एवढं बोलून त्यांनी भैरोबाला नमस्कार केला आणि उतरायला लागले. मला इतकं हसू फुटलं की देवळाचा खांब धरावा लागला. वसंता मात्र पडेल चेहऱ्याने म्हणाला, “दात काय काढतोस? मला तीच हवी आहे.”

मुंबईला परतल्यावर पाहावा वसंता! शिवाजी पार्कवर सभा असली की हा पहिल्या रांगेत. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा तो अशा काही कळवळ्याने द्यायचा की शेजारची माणसं हळहळत, ह्या पोराने बरंच सोसलेलं दिसतंय. सोसत तर होताच. लोक राज्य मागत होते आणि हा बायको मागत होता. पण गोळीबारात माणसं गेली होती, गिरणगावात घराघरांतून रडणं होतं, ते त्याला हळूहळू दिसायला लागलं. एकदा लालबागच्या एका घरी जाऊन आला आणि दोन दिवस त्याने क्रिकेटचं पानसुद्धा उघडलं नाही. मग मीही त्याची थट्टा थांबवली... थोडे दिवस.

त्या दिवाळीला मराठी-गुजराती मिळून द्वैभाषिक राज्य झालं, मुंबईसकट. वसंता पेढे घेऊन धावत सुटला की आता मुंबई आणि तुम्ही एकाच राज्यात, द्या मुलगी! तात्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “द्वैभाषिक म्हणजे नुसती तारीख पडली. निकाल नव्हे.” मला वाटलं, आता हा तोंड पाडून येणार. तर हा शीळ घालत जिना चढला, आणि एकेक पायरी चढत! “हरकत नाही रे, थांबू,” म्हणाला. पुढे वर्षातून दोनदा तरी जाऊन तो तात्यांबरोबर गाव आणि टेकडी फिरून यायचा. तेलवाल्याच्या नातवाचं नावसुद्धा त्याला विचारून ठेवलं म्हणे. त्याची आई कुरकुरायची, पण लढ्यासाठी थांबलेल्या मुलाला गिरगावात नावं कोण ठेवणार? कुसुमवहिनी तेवढ्यात पुण्याला मावशीकडे राहून बी.ए. झाल्या. साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच महिन्यात वसंताचं लग्न. पंगतीत तात्या सगळ्यांना सांगत होते, “जावयाने आधी राज्य आणलं, मग वरात.” पुढे जन्मभर आम्ही ह्या गोष्टीवरून त्याला छळलं आणि तो नुसता हसायचा.

परवा दादरला त्यांच्या घरी गेलो. वहिनी शाळेतून निवृत्त होऊन किती काळ लोटला, तरी त्यांच्या टेबलावर पेलाभर लाल पेन्सिली, सगळ्यांना बारीक टोकं केलेली. मी म्हटलं, “वहिनी, अजून वह्या तपासता की काय?” त्या म्हणाल्या, “मी कुठली? दर रविवारी हेच टोकं करून ठेवायचे. सवय.” मग पेला बाजूला सारून म्हणाल्या, “भाऊजी, आता सांगायला हरकत नाही. ती अट तात्यांची नव्हती. माझी होती.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅट्रिक झाल्यावर त्यांना पुढे शिकायचं होतं. मुलगीच थांबा म्हणते हे कळलं असतं, तर वसंताच्या आईने दुसऱ्या दिवशी दुसरं स्थळ बघितलं असतं. तात्या पडले वकील, त्यांनी लेकीला कारण शोधून दिलं. “आणि वसंता?” मी विचारलं. “त्याला बिचाऱ्याला...”

“ते पेढे घेऊन आले, त्याच दिवाळीत त्यांना सांगितलं मी. तात्या पेठेत बोलत मागे राहिले, आम्ही दोघं टेकडी चढत होतो. मला राहवेना, फसवल्यासारखं वाटायला लागलं. म्हटलं, तुम्ही थांबू नका, दुसरी बघा.” वहिनींनी पदराने डोळे पुसले. “तर धाप लागलेली तशीच हे म्हणाले, ‘तुम्ही शिका. मुंबईचं मी बघतो.’”

वश्या, लेका, जन्मभर आमच्याकडून हसं करून घेतलंस, पण वहिनींचं नाव पुढे येऊ दिलं नाहीस. मलासुद्धा सांगितलं नाहीस. आणि आता ह्यावरून भांडायला मी कोणाकडे जायचं?