क्रेमोनाची आठ जेवणं

"काय खायचं ते भरल्या पोटी ठरवावं," काका म्हणायचे. "भुकेला माणूस ठरवायला बसला, की हावरटासारखं ठरवतो."

म्हणून आमच्या इटलीच्या सहलीची आखणी रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर व्हायची. टेबल पुसलं की ते मिशीवरून दोन बोटं फिरवायचे, चष्मा चढवायचे आणि आलेखाचा कागद उलगडायचे. मी तोवर पेंगायच्या तयारीत.

"झोपतोस काय लेका? शुक्रवारची दुपार अजून अधांतरी आहे."

सहल सगळी चार दिवसांची. गुरुवार संध्याकाळ ते सोमवार दुपार. माणसं अशा वेळी चर्च मोजतात, म्युझियम मोजतात. काकांनी मोजली होती जेवणं. आठ.

मी पुण्याहून वर्क परमिटवर कॉव्हेंट्रीला आलो, त्याच आठवड्यात त्यांची ओळख झाली, आणि तिचं श्रेय माझ्या पाककौशल्याला. ग्रिलवर पापड भाजताना स्मोक अलार्म किंचाळायला लागला. मी घाबरून बनियनवर रस्त्यात. थंडी मरणाची. तिसऱ्या घरातून एक म्हातारे गृहस्थ शांतपणे चालत आले.

"पापड का?"

"हो."

"उडदाचा?"

"हो."

"वासावरून वाटलंच. ग्रिल बंद करून आलास ना?"

नव्हतं केलं. ते आत गेले, ग्रिल बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मला जेवायला घेऊन गेले. पुढची तीन वर्षं बहुतेक रविवार मी तिथंच जेवलो.

गाड्यांच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. इथंच वाढलेली मुलगी लीड्सला शाळेत शिकवायची. कारखान्यात त्यांच्या शेजारी इटलीतल्या क्रेमोना गावचा एक माणूस काम करायचा. तो दर नाताळात गावाकडची एक बरणी आणायचा. पाकात मुरवलेली अख्खी फळं.

"मी मुरंबा समजून तोंडात टाकला," काका सांगायचे, "आणि मोहरी सणकन नाकात. डोळ्यांतून पाणी. तो हसतोय. मी म्हटलं, अजून दे."

तो इटालियन म्हणायचा, एकदा गावी चल, तिथं नीट जेवू घालतो. मग काकू आजारी पडल्या, मग तोच गेला. क्रेमोनाला जायचं राहून गेलं. अशी राहून गेलेली एखादी जागा तुमच्याही ओळखीच्या माणसांकडे असेल. बहुतेक जण ती न बोलता सांभाळतात. काकाही सांभाळत होते. मग त्यांच्या घशात गाठ निघाली.

हे त्यांनी मला बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मार्चअखेर रेडिएशन सुरू. तोंडाची चव जाणार. नंतर कदाचित परत येईल, कदाचित नाही.

"डॉक्टरांना विचारलंय. त्याआधी चार दिवस जाऊन आलो तर चालेल म्हणाले. जीभ बंद व्हायच्या आत जेवून येऊ. येतोस?"

मुलीची शाळा चालू, तिला रजा नाही. मी हो म्हटलं. मला वाटलं, पिझ्झा खायला मिळेल. तसं बोलूनही दाखवलं.

"पिझ्झा इथं कोपऱ्यावर मिळतो," काका म्हणाले. "इटलीत जाऊन उद्या वडापाव मागशील."

लायब्ररीतून आणलेल्या दोन पुस्तकांवरून त्यांनी सगळं ठरवलं. भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता शनिवारी, कारण शुक्रवारी रात्री सुपातला मांस भरलेला पास्ता, आणि दोन भरलेले पदार्थ लागोपाठ नकोत. मोहरीची फळं तीनदा, उकडलेल्या मांसाबरोबर. नुगा म्हणजे त्यांच्या मते चिक्कीचा गोरा मावसभाऊ, तो चालता चालता. 'अर्धी प्लेट द्या' हे इटालियनमध्ये पाठ केलं होतं. गॅसचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही ते म्हणून दाखवलं.

माझ्याकडे काम एकच होतं. इटलीचा व्हिसा. काकांचा पासपोर्ट ब्रिटिश, त्यांना प्रश्नच नव्हता. भारतीय पासपोर्टवाल्याला लंडनला जाऊन अर्ज द्यावा लागे. मंगळवारची अपॉइंटमेंट मी मिळवली होती.

आदल्या बुधवारी कंपनीच्या मुख्य ऑफिसातून मेल आला: परमिटची मुदतवाढ करायची आहे, पासपोर्ट ताबडतोब पाठवा. मी जेवणाच्या सुट्टीत पोस्टात गेलो आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाठवून टाकला. कुठलंही काम वेळेवर केल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग. संध्याकाळभर मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी काका म्हणाले, "मंगळवारी लंडनला काय काय न्यायचंय? फोटो, बँकेचे कागद, पासपोर्ट..."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

सोमवारी फोनवरून मुख्य ऑफिसच्या हातापाया पडलो. पासपोर्ट होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, रवाना झाला होता. दोन महिने, कदाचित तीन.

संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्यांनी आलेखाच्या कागदाची घडी घालून बाजूला ठेवली.

"तुम्ही जा काका," मी म्हटलं. "तिकीट आहे, सगळं ठरलंय."

"एकट्यानं जेवायला विमान कशाला पाहिजे? ते मी इथं रोज करतो."

मग माझ्यासमोरच त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, ट्रिप रद्द केली. नाही, तो यायला तयार आहे गं. मलाच दगदग नको वाटते." पलीकडून ती चिडलेली मला ऐकू येत होती. ते फोन कानापासून जरा दूर धरून ऐकत राहिले. फोन ठेवून म्हणाले, "जेव. आमटी गार होतेय."

रेडिएशननंतर चव गेली, आणि गेलीच. तरी रविवारचं जेवण त्यांनी सोडलं नाही. मापानं, आठवणीनं करायचे. स्वतः पातळ काहीतरी घोट घोट घ्यायचे आणि माझ्याकडे बघत बसायचे.

"कसं झालंय?"

"मस्त."

एकदा असंच मस्त म्हटल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला. "आज मी मीठ घातलंच नव्हतं," म्हणाले. "मुद्दाम. तू पण खोटं बोलायला लागलास, तर मी कुणाच्या जिभेवर विसंबू?"

त्यानंतर मी खरं सांगायला लागलो. हळद जास्त, भात चिकट, वांगं कच्चं. त्यांना एवढं बरं वाटलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये पासपोर्ट आला. त्यांनी नवा शिक्का नीट बघितला. म्हणाले, "छान उमटलाय." पुढच्या जानेवारीत ते गेले.

अंत्यविधीनंतर घरी माणसं येऊन गेली. मुलगी स्वयंपाकघरात कप धूत होती, मी पुसत होतो.

"मी बाबाशी तीन आठवडे बोलली नाही," ती म्हणाली. "ती ट्रिप कॅन्सल केली तेव्हा. आय वॉज सो क्रॉस. मला वाटला, हा माणूस गिव्ह अप करतो. लढत नाही."

मी एक कप पुसला. दुसरा पुसला. गप्प राहणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. काकांनी माझी सोय करून ठेवली होती, त्यांच्या पोरीचा राग स्वतःच्या अंगावर घेऊन. ही सोय मी वर्षभर मुकाट वापरली होती.

"दगदग वगैरे काही नव्हतं," मी म्हटलं. "माझा पासपोर्ट नव्हता. मी चुकून ऑफिसला पाठवून दिला. त्यांना जायचं होतं. शेवटपर्यंत."

तिनं नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता घराबाहेर काढेल, आणि ते योग्यच झालं असतं.

ती खुर्ची ओढून बसली. साबणाचे हात तसेच मांडीवर.

"काय खाणार होता बाबा?"

मला सगळं पाठ होतं. गुरुवार संध्याकाळपासून सुरुवात केली. स्टेशनजवळची खानावळ, साधं सूप, कारण प्रवासानंतर पोटाला जड नको. शुक्रवार दुपार. शुक्रवार रात्र, तो सुपातला पास्ता. मी भराभर सांगत सुटलो होतो, एकदाचं संपवून मोकळं व्हावं तसं. शनिवारच्या भोपळ्यापाशी आलो तेव्हा तिनं डोळे मिटले होते.

"थोडा हळू सांग," ती म्हणाली.