तिचे अर्धवट पाहिलेले भाग

आमच्या घरात रात्री साडेआठचा टीव्ही माझा होता. असं कोणी ठरवलं नव्हतं. पुलगावचं हार्डवेअरचं दुकान वाढवून मी नाचणगावला घरी यायचो, पाय धुवायचो आणि बातम्या लावायचो. बायकोची मालिका नेमकी त्याच वेळी. दोन-तीन वर्षं तिनं ती सोडूनच दिली होती. मग मुलानं पुण्याहून येऊन रेकॉर्डिंग होणारा सेट-टॉप बॉक्स बसवून दिला. माझ्या बातम्या चालू असायच्या आणि तिची मालिका त्या डब्ब्यात गुपचूप साठायची. रेकॉर्डिंग सुरू झालं की डब्ब्यावर लाल दिवा लागे. तो लागला की नाही, हे पाहायला ती स्वयंपाकघरातून दोनदा डोकावायची.

"दूध नाई ठेवलं त्याच्यात," मी म्हणायचो, "उतू नाई जाणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, पोळ्या झाल्या की ती एकटीच बसून तो भाग पाहायची. मी सव्वाच्या आसपास जेवायला यायचो. फाटकाशी स्कूटर वाजली की टीव्ही बंद आणि माझं ताट पुढ्यात. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याच्याकडे माझं लक्षही जात नसे.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. आठ दिवस दवाखान्यात, आणि मग नाहीच. तेरवी झाल्यावर मुलगा मला पुण्याला घेऊन गेला. त्याच्याकडे टीव्हीला डब्बा नाही, सगळं इंटरनेटवरून येतं. सुनेनं तिच्या सासूची मालिका शोधून दिली. पहिल्या भागापासून शेवटपर्यंत सगळी ओळीनं मांडलेली. मुलगा म्हणाला, "आता घरी काही साठवून ठेवायची गरज नाही, बाबा. सगळं त्यांच्याकडेच असतं, कंपनीच्या कम्प्युटरवर. पाहिजे तेव्हा पाहा." आणि त्यानं तिथूनच माझ्या डब्ब्याचा रिचार्ज बंद करून टाकला. त्याची काही चूक नव्हती. मीच मान डोलावली होती.

दिवाळीनंतर मी हट्टानं परत आलो. आल्या दिवशी टीव्ही लावला, तर तिच्या रेकॉर्डिंगची यादी दिसेना. रिचार्ज नसेल तर डब्ब्यातलं जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही, हे मला मोबाइलवाल्यानं सांगितलं. तिच्या साड्या मी तिच्या नणंदा-भावजयांना वाटल्या होत्या, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. मी उभ्या उभ्या रिचार्ज मारायला लावला, आणि घरी येऊन पाहिलं तर यादी जशीच्या तशी होती. वीस-बावीस भाग असतील.

मग मी ते लावू लागलो. पाहायला नाही, आवाजाला. घरात एकच माणूस असला की भांडंसुद्धा जोरात वाजतं. जेवणाचा डबा येतो तो ताटात काढून घ्यायचा, कोणताही एक भाग पहिल्यापासून लावायचा, चार घास खायचे, हात धुवायचे आणि बंद करायचा. असा महिना गेला.

एका दुपारी चष्मा पुसून यादी नीट पाहिली. प्रत्येक भागाखाली एक बारीक पिवळी रेघ असते. कोणी कुठवर पाहिलं, ते ती दाखवते. मी लावलेल्या भागांच्या रेघा बोटभर होत्या, माझ्या जेवणाएवढ्या. सगळ्यांत खालचा एक भाग मी कधी उघडला नव्हता. त्याची रेघ अर्ध्यावर येऊन थांबली होती. बटण दाबलं तर चौदा मिनिटं दिसली. एक वाजून चौदा मिनिटं. म्हणजे माझी स्कूटर.

तिनं पाहिलेले भाग पुसले नव्हते, कारण ते तिचे पाहून झालेच नव्हते. एकेका भागाचा शेवट तिनं पुढं कधीतरी पाहू म्हणून ठेवला होता, आणि रोज नवा भाग येत होता. बाकीच्या भागांवर ती कुठं उठली, ते आता कळायचा मार्ग नाही. मी ते पहिल्यापासून लावले, आणि तिच्या खुणेवर माझी खूण बसली. बैल गेला आणि झोपा केला, तोही असा.

एकदाच ती म्हणाली होती, "पाच मिनिटं बसा नं, होऊनच राह्यलं."

"पोटात कावळे ओरडून राह्यले," मी म्हणालो होतो, "अन् तुले मालिका सुचून राह्यली!"

ती हसून उठली होती. मला खरंच तेवढी भूक लागली होती का, ते आठवत नाही. दुकान तीनला उघडायचं असे. पाच मिनिटं काय, तासभर बसलो असतो तरी चाललं असतं.

रविवारी मुलाचा फोन आला. "बाबा, तो डब्बा काऊन ठेवला अजून? आम्ही पाहतो ते तुमच्या टीव्हीवरही लागते. सगळेच्या सगळे भाग आहेत त्यात."

"त्याच्यात तुही आई कुठं उठली ते नाई," मी म्हणालो. त्याला काय समजलं कोण जाणे. तो म्हणाला, "राहू द्या, बाबा. रिचार्ज मी करतो."

सोमवारी मी दुकानातून लवकर आलो. जेवणाचा डबा उघडला नाही. तिच्या जागेवर बसून तो खालचा भाग लावला. डब्ब्यानं विचारलं: पहिल्यापासून, की थांबवलं तिथून? मी 'थांबवलं तिथून' दाबलं. तिची ती शेवटची खूण जाणार, हे मला ठाऊक होतं. पण तिचा एक तरी भाग पुरा व्हायला हवा होता.

पडद्यावर एक बाई दार लावून रडत होती. बाहेर एक म्हातारा तिला हाका मारत होता. मी शेवटपर्यंत पाहिलं, जाहिरातीसुद्धा. ती बाई का रडते, तो म्हातारा तिचा बाप की सासरा, मला काहीच समजलं नाही, आणि विचारायला घरात कोणी नव्हतं.